दीड तोळ्याचा पेशंट

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, चुकून लागला. परदेशातल्या मराठी डॉक्टरांचे अनुभव हवेत, म्हणाले. मी विचारलं, "माणसांच्या डॉक्टरांचे की कुठल्याही?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "काहीही चालेल हो." त्या 'काहीही'मध्ये माझी सगळी कारकीर्द आरामात मावते. मी जनावरांची डॉक्टर. शिकले नागपूरला, म्हशींची अडलेली बाळंतपणं सोडवायला, आणि जन्म काढला लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये, जिथे म्हैस फक्त चीजच्या पाकिटावर दिसते.

आमच्याकडे मराठी मंडळाच्या गणपतीला डॉक्टरांची एवढी गर्दी असते की कोणाला भोवळ आली तर त्याला आधी रांगेत उभं राहावं लागेल. ओळख करून देताना लोक माणसाचं नाव सांगत नाहीत, अवयव सांगतात. हे हार्ट, ह्या किडनी, हे दोघंही भूल. माझ्यापाशी आले की आवाज जरा मऊ होतो. "ही मंजिरी. ही कुत्र्यामांजरांचं बघते." जणू मी शेजाऱ्यांची कुत्री फिरवून आणते आणि वेळ उरला तर त्यांना बिस्किट देते.

या सगळ्यांत वरचा आवाज डॉ. माधवराव खांबेटे यांचा. हाडांचे सर्जन. निम्म्या वॉटफर्डचे गुडघे त्यांनी बसवलेले, त्यामुळे निम्मं वॉटफर्ड त्यांच्यापुढे वाकू शकत नव्हतं, पण मान द्यायचं. दर गणपतीला मला लांबूनच हाक यायची, "काय मंजिरी, या महिन्यात किती चिमण्या दगावल्या?" विनोद एकच, श्रोते दर वर्षी नवे. मी हसायचे. काय करणार, ते वयाने मोठे होते आणि प्रसाद त्यांच्या हातात असायचा. त्यांच्या पत्नी शालिनीकाकू मागून हळूच माझ्या डिशमध्ये एक जादा मोदक सरकवायच्या. तीच माफी. खांबेट्यांच्या घरात 'डॉक्टर' हा शब्द एकाच माणसासाठी राखून ठेवलेला होता. मी तिथे 'मंजिरी' होते, फार तर 'आपली मंजिरी'.

आता आमचा धंदा काय असतो ते थोडक्यात सांगते. दवाखान्यात दिवसभर विमा उतरवलेली कुत्री आणि मालकाला चावणारी मांजरं. त्यांच्यावर घर चालतं. पण शिवाय रोज कोणीतरी बुटांच्या खोक्यात एखादा पक्षी घेऊन येतं. रानटी पक्ष्याची फी नसते, अपॉइंटमेंट नसते, आणि त्याला आणणारा इंग्रज माणूस मात्र आयसीयूच्या बाहेर उभा असल्यासारखा उभा असतो. हा तोच माणूस, जो शेजारच्या घरातून अँब्युलन्स गेली तरी पडदा नीट करून आत वळतो. पण अंगणातल्या ब्लॅकबर्डला शिंक आली तर ऑफिसातून सुट्टी घेतो. मी यात दोष काढत नाही. त्या खोक्यांनीच मला इथे माणसांत आणलं.

हळूहळू खोक्यांची ख्याती पसरली आणि मी झाले चोचीची डॉक्टर. चोच म्हणजे लोकांना वाटतं, एकदा उगवली की संपलं. तसं नसतं. आत हाड असतं आणि वरून नखाच्या जातीचा एक थर. तो जन्मभर वाढत राहतो आणि टोचून, उकरून, घासून झिजत राहतो. वाढ आणि झीज सारखी असली की चोच जागच्या जागी. वाढ जास्त झाली की टोकं लांबतात, वाकतात, एकमेकांवरून कातरीसारखी निघून जातात. झीज जास्त झाली की टोकच जातं. टोक गेलं की किडा पकडता येत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे पिसं विंचरता येत नाहीत. पक्ष्याला हात नसतात, हे लोक विसरतात. पिसं विस्कटली की हिवाळा सरळ आत शिरतो, आणि एवढ्याशा जिवाला इथली एक थंड रात्र पुरते.

एक निवृत्त इंजिनिअर गृहस्थ एकदा निळी टोपी घातल्यासारखी दिसणारी ती चिमुकली ब्लू टिट घेऊन आले. चोच टाचणीसारखी लांबून वाकलेली. त्यांनी सोबत मोजमापांसह आराखडा आणला होता, कुठे कापायचं त्यावर लाल रेघ. मी समजावलं की कापता येते, पण ही व्याधी टोकाला नसते, मुळाशी असते. कधी विषाणू, कधी जुना मार, कधी काय ते आम्हालाही कळत नाही. पुन्हा वाढणार. ते खिन्न होऊन म्हणाले, "म्हणजे मेंटेनन्स जॉब आहे तर." बरोबर म्हणाले. आमच्या शास्त्रात यापेक्षा चांगली व्याख्या मी वाचलेली नाही.

आणि जवळच्या स्लाऊ गावातला निखिल. मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी. तिच्या बाहेरच्या आरशावर एक काळापांढरा धोबी पक्षी रोज सकाळी येऊन चोची मारायचा आणि जाताना आरशाखाली यथेच्छ शिटायचा. निखिलने व्हिडिओ पाठवला आणि फोन केला. "मॅडम, याला काही न्यूरोलॉजिकल असेल का? ही इज नॉट स्टेबल."

"अहो, त्याला आरशात दुसरा नर दिसतोय. आपल्या हद्दीत शिरलेला. तो त्याला हाकलतोय."

"मग परमनंट फिक्स काय?"

"गाडी लावली की आरशावर पायमोजा चढवा."

"पायमोजा? मॅडम, हे सायन्स आहे?"

"सायन्सच आहे."

थोडं थांबून त्याने विचारलं, "लोकरीचा की कॉटनचा?" पुण्याची माणसं कुठेही गेली तरी चिकित्सा सोडत नाहीत. हा किस्सा मी पुढे बऱ्याच मेजवान्यांमध्ये रंगवून सांगितला. तो लक्षात ठेवा. मी ठेवायला हवा होता.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, जूनमध्ये, खांबेटेकाका गेले. हृदयविकाराने. गणपतीला ज्यांची रांग लागायची त्या हार्टवाल्यांपैकी तिघं त्या दिवशी सुट्टीवर होते. मुलगा ग्लासगोहून आला, आईला चल म्हणाला. काकू म्हणाल्या, बघू. तो परत गेला. नोव्हेंबरात एका सकाळी माझा फोन वाजला.

"मंजिरी, ह्यांची चोच झिजली गं."

मी खुर्चीत नीट बसले. "कोणाची, काकू?"

"ह्यांची. सगळं टोक गेलंय. तू येऊन बघ. जीपी काय बघणार यातलं?"

मी गेले. जाताना मनात भलतेसलते विचार येत होते. एकट्या बाईला दुःखाने भ्रम झाला असेल तर तो माझा विषय नाही. त्या अवयवाचे डॉक्टर मंडळात भरपूर होते.

काकू अगदी ठणठणीत होत्या. मला चहा दिला आणि सगळा इतिहास सांगितला. त्यांची शेजारीण ब्रेंडा, चांगली बाई, काका गेल्यावर कार्ड घेऊन आली होती. कार्डावर रॉबिन पक्षी. ब्रेंडा त्यांना जवळ घेऊन म्हणाली होती, "शालिनी लव्ह, आमच्यात म्हणतात, अंगणात रॉबिन आला की आपलं माणूस जवळपास असतं." इंग्रज लोक असं काहीतरी छान बोलून घरी जातात आणि विसरतात. त्यांना काय कल्पना, की आपल्याकडे असं बोललेलं लोक अमलात आणतात.

ऑक्टोबरात रॉबिन आला. चिमणीहून लहान, छातीला विटकरी रंग, पाय काटक्यांसारखे आणि रुबाब मात्र खात्याच्या प्रमुखाचा. मागच्या पॅटिओवर, म्हणजे फरसबंद अंगणात उतरला आणि कंबरेवर हात ठेवावेत तसा उभा राहिला. काकूंनी ओळखलं.

मग पुढचं ओघाने आलं. नवरा आलाय म्हटल्यावर पान वाढायला नको? काकांचं एक ताट होतं. लग्नात मावशीने दिलेलं, जाड स्टीलचं, मध्यभागी भांडेवाल्याकडून नाव घालून घेतलेलं: 'चि. माधव खांबेटे यास, माईमावशीकडून'. विलायतेला येताना काकांनी सूटकेसमध्ये पुस्तकांच्या खाली हे ताट आणलं होतं, आणि जन्मभर त्याच ताटात जेवले. काकू रोज सकाळी ते ताट पॅटिओच्या टेबलावर भिंतीला टेकवून उभं करत. आडवं नाही, उभं. "म्हणजे आपलं नाव दिसेल ना त्यांना. नाहीतर वाटायचं दुसऱ्या कोणासाठी वाढलंय." आणि समोर छोट्या वाट्या. वरणभात, वर तूप.

"आणि येतात?"

"येतात म्हणजे? आल्या आल्या ताट वाजवतात. टक् टक् टक्." काकूंचा चेहरा उजळला. "अगं, जेवायला उशीर झाला की हे असंच करायचे. बोटातल्या अंगठीने ताटाच्या कडेवर. मला इतका राग यायचा त्याचा. आता सकाळी डोळे उघडले की मी त्याचीच वाट बघते."

मी चहा पीत राहिले.

"पण जेवत नाहीत," काकू म्हणाल्या. "नुसतं ताटाशी भांडतात. मला वाटलं मीठ कमी असेल. ह्यांना कधीच पुरलं नाही मीठ. म्हणून मग चांगलं चिमूटभर जास्त..."

मी कप खाली ठेवला. "काकू, मीठ? पक्ष्याला मीठ म्हणजे विष. आजपासून बंद."

"ब्लडप्रेशरवालेही तेच म्हणायचे. ह्यांनी ऐकलं का?"

तिकडे गल्लीच्या ग्रुपवर वेगळाच गोंधळ. कोणीतरी रॉबिनचा फोटो टाकला होता, चोचीचं टोक गायब. लगेच तज्ज्ञ जागे झाले. एकाने विषाणू म्हटलं, एकाने नव्या मोबाइल टॉवरच्या लहरी. एका सभ्य गृहस्थांनी तीनदा माफी मागून विचारलं की मिसेस खांबेटे काही मसालेदार तर घालत नाहीत ना. शेवटी ठरलं की साथ असू शकते, सगळ्यांनी खाणं घालणं बंद करावं. सल्ला चुकीचा नव्हता. पक्षी आजारी दिसले की खाण्याची भांडी काढून, धुवून ठेवावीत, हे मीच लोकांना सांगते. ब्रेंडा स्वतः येऊन काकूंना म्हणाली, "लव्ह, थोडे दिवस ती प्लेट आत ठेव." काकूंनी तिला चहा दिला नाही. खांबेट्यांच्या घरात यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

"तिनेच सांगितलं हे आलेत म्हणून, आणि आता म्हणते उपाशी ठेवा," काकू मला म्हणाल्या. मग एकदम त्यांचा आवाज बसला. "मंजिरी, एकदा गेले ते मला कळलंसुद्धा नाही गं. मी आत पोळ्या करत होते. या वेळी मला माहीत असताना जाऊ देऊ का?"

म्हणजे प्रकरण असं होतं. पक्षी खरोखर मरायच्या वाटेवर होता. मी दुर्बिणीतून पाहिलं तेव्हाच कळलं. पिसं पिंजलेली, पाठीवर टक्कल पडू लागलेलं, आणि थंडी तर अजून यायची होती. तो मेला असता तर काकू सहा महिन्यांत दुसऱ्यांदा विधवा झाल्या असत्या.

मी छोटा पिंजरा लावून त्याला पकडला. दोन बोटांत मान, मुठीत अंग, हीच पद्धत. मूठ बंद केल्यावर माझ्या मनात काय आलं ते प्रामाणिकपणे सांगते: इतक्या गणपतींनंतर माधवराव खांबेटे माझ्या मुठीत होते आणि त्यांना एकही विनोद सुचत नव्हता.

"हळू गं," काकू मागून म्हणाल्या, "त्यांना मानेचा स्पॉन्डिलायटिस होता."

तोंड आतून स्वच्छ. घशात काही नाही. चोच वाकडी नाही, लांबलेली नाही, तडा नाही. फक्त वरचं टोक सपाट झालेलं, वापरून संपत आलेल्या पेन्सिलीसारखं. ही व्याधी नव्हती, झीज होती. कुठेतरी हा पक्षी दिवसभर काहीतरी कठीण ठोकत होता. त्याला सोडून दिल्यावर मी विटांमधला चुना पाहिला, तारेची जाळी पाहिली, शेजारच्यांची भांडी पाहिली. काही सापडलं नाही. पोटासाठी मऊ खाणं लिहून दिलं: दुकानात मिळणाऱ्या सुक्या अळ्या, भिजवून.

"अळ्या?" काकू किंचाळल्या. "अगं, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. ह्यांनी जन्मात कधी तोंड लावलं नाही!"

काका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये दर शुक्रवारी काय खायचे, हे निम्म्या मंडळाला ठाऊक होतं. मी म्हटलं, "औषध म्हणून चालतं, काकू."

दुसऱ्या खेपेला मी सकाळीच गेले आणि कन्झर्व्हेटरीत, म्हणजे मागच्या काचेच्या खोलीत, बसून राहिले. बाहेर कोवळं, तिरपं ऊन. आत काकू सिंकपाशी काकांचं ताट घासत होत्या. मी त्यांना घासताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. डिशवॉशर शेजारी उभा होता, पण या ताटाला त्याचा स्पर्श नव्हता. पुण्याहून आणलेला काथ्या, वर पावडर, मग लिंबाची साल, मग कोरडं फडकं. घासून घासून त्यांनी ते असं केलं की त्यात खिडकी दिसू लागली, खिडकीतलं झाड दिसू लागलं. मग त्यांनी ते नेऊन भिंतीला टेकवलं आणि आत येऊन माझ्याशेजारी बसल्या.

रॉबिन आला. वाट्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. ताटासमोर उभा राहिला, छाती फुगवली, मान वर करून ती विटकरी छाती डावीकडून उजवीकडे डोलवली, आणि नेम धरून चोच मारली. टक्. मागे सरकला. पुन्हा डोलला. टक् टक्. मारत होता तो नेमका 'माधव'च्या आसपास, जिथे कोरलेल्या अक्षरांच्या कडा होत्या.

"बघ, बघ," काकू माझा हात धरून कुजबुजल्या. "वाजवतायत."

आणि मला निखिलची गाडी आठवली.

माझ्यासारखी मूर्ख मीच. स्लाऊच्या माणसाला फोनवर निदान दिलं, त्यावर मेजवान्या गाजवल्या, आणि इथे पेशंटच्या समोर बसून मला दिसेना. कारण गाडीचा आरसा मला आरसा दिसतो, पण ताट म्हटलं की मला जेवण दिसतं. साहेबाच्या घरात चिनीमातीची बशी असते, तीत कोणी दिसत नाही. असा लखलखीत शत्रू रोज सकाळी घासूनपुसून पक्ष्यासमोर उभा करायला मराठी बाईच लागते, आणि तो न ओळखायला मराठी डॉक्टर.

उपाय सोपा होता. सांगणं सोपं नव्हतं. मी आधी वळसा घेतला.

"काकू, ताट थोडे दिवस न घासता ठेवलं तर?"

"खरकट्या ताटात वाढू ह्यांना?"

"मग प्लॅस्टिकची डिश?"

काकूंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी तो विषय तिथेच सोडला.

"केळीचं पान? इंडियन शॉपमध्ये मिळतं."

केळीच्या पानावर त्या जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "पान वाजत नाही गं."

तिथे माझे वळसे संपले. मी त्यांना खरं सांगितलं. पक्षी जेवण मागत नाही. त्याला ताटात दुसरा रॉबिन दिसतो. तो स्वतःच आहे हे त्याला कळत नाही. आपल्या जागेवर दुसरा कोणीतरी रुबाब करत उभा आहे, म्हणून तो दिवसभर त्याच्याशी भांडतो. समोरचा हटत नाही, कारण हा हटत नाही. आणि असंच चालू राहिलं तर या हिवाळ्यात तो मरेल. एवढं बोलून मी खाली मान घालून बसले. मला वाटलं, झालं, एका वाक्यात या बाईचा नवरा मी काढून घेतला.

काकूंनी बाहेर ताटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे समोर स्वतःच उभा आहे, आणि स्वतःशीच भांडतोय?"

"हो."

"समोरचा कमी आहे असं समजून?"

"हो, काकू."

"आणि खायचं प्यायचं सोडून?"

मी मान हलवली.

"मग तर शंभर टक्के हेच!" काकू म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. पदर बराच वेळ तिथेच राहिला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पशुवैद्यकात सांत्वनाचा पेपर नसतो.

मग त्या उठल्या, दार उघडून पॅटिओवर गेल्या. रॉबिन उडून कुंपणावर बसला. काकूंनी ताट उचललं, छातीशी धरलं आणि कुंपणाकडे बघून म्हणाल्या, "बस झालं आता. जन्मभर मी काही बोलले नाही. हॉस्पिटलशी भांडलात, पोराशी भांडलात, या मंजिरीलासुद्धा सोडलं नाहीत. आता समोर कोणी नाहीये. गप्प जेवा." आणि दार लावून आत आल्या.

मी ब्रेंडाला खरं निदान सांगितलं. तिने ते ग्रुपवर टाकलं. लहरीवाल्या गृहस्थांची थोडी निराशा झाली. मसालेवाल्यांनी काकूंना लॅव्हेंडरची कुंडी आणून दिली, आणखी तीन माफ्यांसह. ब्रेंडाला पुन्हा चहा मिळू लागला. काकू रोज मातीच्या बशीत किसलेलं चीज आणि डोळे मिटून चमच्याने टाकलेल्या अळ्या ठेवू लागल्या. चोचीचं काम चोचीने केलं. आत हाड शाबूत होतं, थर वाढत गेला, टोक आलं. जानेवारीच्या बर्फात रॉबिन टिकला. फेब्रुवारीत तो कुंपणावर बसून गाऊ लागला, पिसं अशी की इस्त्री केलेली.

मी काकूंना फोन केला. मला शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोलू?

"बरा झाला हो तुझा पेशंट," काकू म्हणाल्या. "येतो, खातो, जातो. वाजवत नाही काही नाही." मग, "मंजिरी, तू त्याला बरा केलास आणि तो नुसता पक्षी झाला गं. सकाळ फार शांत जाते आता."

इतक्या वर्षांत माझे पेशंट बरे झाले, काही गेले. बरा झाला म्हणून गेला, असा हा एकच. माणसांच्या डॉक्टरांना निदान अशा वेळी सही करायला कागद तरी असतो.

एप्रिलमध्ये मी निवृत्त झाले. दवाखान्याने केक दिला, त्यावर मांजर. काकू म्हणाल्या, केक काय खातेस, माझ्याकडे जेवायला ये. गेले. त्यांनी टेबलावर पान मांडलं आणि मी बसले तेव्हा लक्षात आलं, समोर काकांचं ताट आहे. तसंच घासलेलं, तसंच लखलखीत. मधोमध 'चि. माधव' आणि त्याच्या वर माझा चेहरा, दोन्ही एकदमच दिसत होते. बाहेर रॉबिन बशीतलं चीज खात होता, त्याला आमच्याशी घेणंदेणं नव्हतं.

आत कुकरची वाफ सोडल्याचा आवाज आला. भूक मरणाची लागली होती. आणि त्या घरात एवढी शांतता होती की मला ती सोसेना. मी नखाने ताटाची कड वाजवली. टक् टक् टक्.

"आले हो, आले!" आतून काकूंचा आवाज आला, ठसक्यात, चिडलेला. "दोनच हात आहेत मला!"

आणि मग पळीचा आवाज थांबला. माझा हात ताटावरच राहिला. मला वाटलं, उठून आत जावं, माफी मागावी, निदान घरी तरी निघून जावं.

काकू भाताचं पातेलं घेऊन बाहेर आल्या. डोळे भरलेले होते आणि लपवायची तसदी त्यांनी घेतली नव्हती. मूद पाडली, वरण घातलं, तूप सोडलं. सगळं सावकाश, जागच्या जागी. मग कंबरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मीठ कमी असलं तरी गप्प जेवायचं," त्या म्हणाल्या. "कळलं का, डॉक्टर?"

मीठ खरंच कमी होतं. मी गप्प जेवले.